अण्णांना ब्रेन हॅमरेज, डॉक्टर म्हणाले "स्कोअर तीन आहे" – याचा अर्थ काय घ्यायचा?

पिंपळपार
मंगळवार, रात्री १.४०

आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून टाइप करतोय, चुका असतील, सांभाळून घ्या.

अण्णा (वय ७१) काल सकाळी दाढी करताना मोरीत पडले. मी आत गेलो तर अर्ध्या गालाला फेस तसाच, नळ चालू, उजवा हात लुळा आणि तोंडातून नुसतं अं अं. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून स्वतःच बंद केलेली, "आता बरं वाटतंय" म्हणून, हे आईने काल दुपारी सांगितलं. बार्शीहून सोलापूरला आणलं, सीटी झाला, डाव्या बाजूला खोल रक्तस्राव आहे, रिपोर्टवर बेसल गँग्लिया असं लिहिलंय, ३४ मिली, आणि रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरलंय. जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचे मार्क, जास्त तितकं बरं) ९. व्हेंटिलेटर नाही अजून, ऑक्सिजनवर आहेत.

रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरने (पोरगाच आहे, असेल २६-२७ चा) केसपेपरच्या मागे पेनाने १+१+१=३ असं मांडलं, खाली ७२% लिहिलं आणि त्याला गोल केला. म्हणाला महिन्याभरात जायचे चान्सेस एवढे. त्याआधी सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले होते पुढचे ७२ तास महत्त्वाचे. आता घरात असा घोळ झालाय की मामा फोनवर सगळ्यांना सांगतोय ७२ टक्के वाचणार, ताई सांगतेय ७२ तास काढले की सुटलो, आणि खरं काय ते मला एकट्याला माहितीये आणि मी कुणालाच बोललो नाहीये.

चुलते म्हणतात घरी न्या, हाल कशाला करता. सकाळी काय ते सांगायचंय. हा स्कोअर काय प्रकार आहे, किती धरून चालायचं, कुणी यातलं असेल तर प्लीज बोला.

---

मीठभाकर
रात्री १.५८

अरे बापरे. काळजी घे रे. तू काही खाल्लंस का ते सांग आधी. यातलं मला काही कळत नाही पण इथे एकदोन डॉक्टर आहेत, धागा वर ठेवते.

---

तात्या सांगतात
रात्री २.१०

पुढच्यासाठी लक्षात ठेवा, असा झटका आला की लगेच दहाही बोटांची टोकं सुईने टोचून एकेक थेंब रक्त काढायचं, आणि ॲस्पिरिन चघळायला द्यायची. आमच्या ग्रुपवर आलं होतं, खूप लोक वाचलेत.

---

रातपाळी
रात्री २.५५

तात्या, हे कृपया पुढे पाठवू नका. सुया टोचण्यात नुसता वेळ जातो. आणि ॲस्पिरिनचं म्हणाल तर घरी बसून कुणालाच कळत नाही की आत गुठळी अडकलीये की रक्त वाहतंय, ते सीटीशिवाय आम्हालाही कळत नाही. वाहत्या रक्तावर ॲस्पिरिन म्हणजे काय ते समजून घ्या.

पिंपळपार, मी न्यूरो आयसीयूत काम करतो. तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही त्यामुळे सल्ला देत नाही, फक्त तो कागद वाचून दाखवतो.

त्याला आयसीएच स्कोअर म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेम्फिल वगैरे मंडळींनी २००१ मध्ये काढला. पाच प्रश्न असतात. जीसीएस ३-४ असेल तर २ मार्क, ५ ते १२ असेल तर १, १३ किंवा वर असेल तर शून्य. रक्त ३० मिली किंवा जास्त असेल तर १. पोकळ्यांत रक्त असेल तर १. रक्तस्राव खालच्या भागात म्हणजे छोटा मेंदू किंवा ब्रेनस्टेममध्ये असेल तर १. वय ८० किंवा वर असेल तर १. हे मार्क चांगले नव्हेत, जितके जास्त तितकं वाईट. अण्णांना जीसीएसचा एक, ३४ मिलीचा एक, पोकळीतल्या रक्ताचा एक, झाले तीन. पोराने बेरीज बरोबर केलीये.

त्या पेपरात शून्यवाले सगळे वाचले, एकवाल्यांत १३ टक्के गेले, दोनवाल्यांत २६, तीनवाल्यांत ७२, चारवाल्यांत ९७ आणि पाचवाले सगळे. सहा मार्कांचा त्यांच्याकडे कुणी नव्हताच.

आता एक काम करा, रिपोर्टवर तीन मापं असतील सेंटिमीटरमध्ये, ती इथे टाका. आणि जीसीएस ई, व्ही, एम (डोळे, बोलणं, हालचाल) असा फोडून लिहिलेला असेल तर तोही.

---

पिंपळपार
रात्री ३.०५

५.१ × ३.६ × ३.७. आणि ई२ व्ही२ एम५. सिस्टरनी फाइल दाखवली, चांगल्या आहेत बिचाऱ्या.

---

गणिताचा तास
रात्री ३.२०

झोप येत नव्हती, हा धागा वाचत होतो. डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्स शिकवतो.

तीन मापं गुणून दोनाने भागतात ना? ५.१ गुणिले ३.६ गुणिले ३.७, भागिले दोन, आले ३३.९७. बरोबर ३४. आता समजा दुसऱ्या कुणी मोजताना प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर कमी धरले, ४.९, ३.४ आणि ३.५. उत्तर येतं २९.२. म्हणजे तीसच्या खाली, एक मार्क गेला, स्कोअर दोन, आणि ७२ चे झाले २६. माणूस तोच, सीटी तोच, मोजणाऱ्याचा कर्सर दोन मिमी अलीकडे थांबला एवढंच. रातपाळी, माझं काही चुकतंय का?

दुसरं म्हणजे ७२ टक्के हा आकडा किती माणसांवरून काढलाय?

---

रातपाळी
रात्री ३.४१

नाही चुकत. आणि गाठ वेडीवाकडी असेल तर हे सूत्र मुळातच जास्त माप दाखवतं, कारण ते लांबट गोळा गृहीत धरून चालतं.

एकूण १५२ रुग्ण होते, त्यातले तीन स्कोअरचे ३२. गेले २३, राहिले ९.

---

गणिताचा तास
रात्री ३.५०

बत्तीस!! अहो एवढी तर माझ्या वर्गात पोरं असतात. बत्तीसात तेवीस म्हटल्यावर खरा आकडा ५५ पासून ८४ पर्यंत कुठेही असू शकतो. पिंपळपार, तो गोल केलेला ७२ मनातून काढ. कागद खोटा नाहीये, पण तेवढा नेमकाही नाहीये.

---

रातपाळी
पहाटे ४.०२

सर, एक बाजू मांडतो नाहीतर तुम्ही आमचं दुकानच बंद कराल :) हा स्कोअर पुढे बऱ्याच ठिकाणी तपासला गेलाय आणि ढोबळमानाने क्रम बरोबर लावतो, तीनवाला दोनवाल्यापेक्षा जास्त धोक्यात हे खरंच आहे. मुळात तो कशासाठी होता, तर डॉक्टरांनी आपसात बोलताना "फार सिरियस आहे" म्हणजे किती सिरियस हे एका भाषेत सांगता यावं म्हणून. नातेवाइकांच्या हातात टक्केवारी ठेवायला तो नव्हताच, पण होतं तसं, रात्री दोन वाजता समोरचा रडत विचारतो "वाचतील का" आणि आपल्याकडे तेवढा एकच आकडा असतो. मीही रेसिडेंट असताना दिलाय.

आता अण्णांच्या जीसीएसबद्दल. रक्तस्राव डावीकडे आहे, भाषा बहुतेकांची डावीकडेच असते. व्ही२ म्हणजे नुसते आवाज काढतात, एम५ म्हणजे दुखवलं तर हात नेऊन झटकतात पण "हात वर करा" सांगितलं तर करत नाहीत. ते शुद्ध कमी आहे म्हणून की सांगितलेलं कळतच नाही म्हणून? स्कोअरला हा फरक समजत नाही. उजव्या बाजूच्या रक्तस्रावाचा तेवढाच जागा पेशंट जीसीएसमध्ये जास्त मार्क मिळवून जातो. झोपेचं किंवा फिटचं औषध दिलेलं असेल तरी जीसीएस खाली दिसतो, तेही विचारा.

---

खडूस काका
सकाळी ७.१५

सगळं वाचलं. हुशार लोक आहात. पण मला जरा वेगळं बोलायचंय आणि कुणाला झोंबलं तर झोंबो.

माझ्या थोरल्या भावाला सहा वर्षांपूर्वी हेच झालं. आम्हीही आकडा मनातून काढला होता. ४१ दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी, मग घरी, मग अकरा महिने पलंगावर, डोळे उघडे पण ओळख नाही, पाठीला जखमा, वहिनीची कंबर गेली आणि बागायत दोन एकर गेली. अकराव्या महिन्यात सुटला. तुमच्या त्या तक्त्यात महिन्याभराचा हिशेब असतो ना? मग त्यात माझा भाऊ "वाचलेला" आहे.

पिंपळपार, तू घरी ने असं मी म्हणत नाही. पण फक्त वाचतील का एवढंच विचारू नकोस.

---

आबोली रत्नांग्री
सकाळी ८.३०

काका, झोंबलं नाही. पण माझी उलट गोष्ट आहे, चार वर्षं कुणाला सांगितली नाही.

आईला झालं तेव्हा दाखल करून दोन तास पण झाले नव्हते. आम्हाला सांगितलं स्कोअर चार आहे, काही अर्थ नाही, तुम्ही घरी नेऊ शकता. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइसच्या कागदावर भावाने सही केली, म्हणजे बघा, घरी न्या म्हणणारे तेच आणि कागदावर मात्र आम्ही सल्ला न ऐकता नेतोय. ॲम्ब्युलन्समध्ये तिचा पाय माझ्या मांडीवर होता आणि ती तो मागे घ्यायची, दर खड्ड्याला. घरी तीन दिवस होती. तीन दिवस, काही न देता. मला अजून वाटतं की ती त्या ९७ टक्क्यांत मोजली गेली असेल, पण आम्ही नेली म्हणून गेली की जाणारच होती हे कोण सांगणार.

---

रातपाळी
सकाळी ११.१०

ताई, तुमच्या आईचं काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, उगीच धीर द्यायला काहीतरी बोलणार नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

२००१ मध्येच सिॲटलच्या बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की अशा रुग्णांचं काय होणार यात रक्त किती यापेक्षाही उपचार थांबवले का नाही याचा वाटा मोठा असतो. म्हणजे डॉक्टरला वाटतं वाचणार नाही, म्हणून उपचार काढतात, पेशंट जातो, आणि तो मृत्यू पुढच्या तक्त्यात जमा होतो की बघा, अशांचं असंच होतं. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. ज्यांनी हा स्कोअर काढला त्या हेम्फिलनीच २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास करून दाखवलं की जिथे पहिल्याच दिवशी "हृदय थांबलं तर प्रयत्न नको" असं लिहून ठेवायची सवय जास्त, तिथे मृत्यूही जास्त, आजाराची तीव्रता धरूनसुद्धा.

मग २०१५ मध्ये मॉर्गेनस्टर्न यांचा अभ्यास आला. जीसीएस १२ किंवा कमी असलेले १०९ रुग्ण, आणि अट एकच, पहिले पाच दिवस काहीही काढायचं नाही, पूर्ण उपचार. स्कोअरच्या हिशेबाने निम्मे जायला हवे होते. गेले साधारण २० टक्के.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये असं आहे की रुग्णाने आधीच काही लिहून ठेवलेलं नसेल तर उपचार मर्यादित करायचा निर्णय किमान दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकला, आणि फक्त स्कोअरवरून तर घेऊच नका. आपल्याकडे अडचण अशी की तिकडे "उपचार थांबवणं" म्हणजे मॉर्फिन, जवळची माणसं, शांत खोली. आपल्याकडे त्याचं नाव "घरी न्या". सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, दोन मेडिकल बोर्डांनी बघून रीतसर ठरवता येतं. पण प्रत्यक्षात सही घेऊन स्ट्रेचर खाली आणलं जातं कारण मीटर चालू असतं.

खडूस काका, तुमच्या मुद्द्यावरही येतो. जगतील का यापेक्षा कसे जगतील यासाठी वेगळा स्कोअर आहे, फंक स्कोअर, बोस्टनचा, २००८. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकतील का ते सांगतो, तिथे जास्त मार्क म्हणजे चांगलं, अकरापैकी. अण्णांचे मार्क काढले, ३४ मिलीला २, वय ७१ ला १, खोल जागेला २, जीसीएस ९ ला २, आधी विसरभोळेपणाचा आजार नव्हता असं धरून १. आठ. आठला स्वावलंबी होण्याची शक्यता २१ ते ६० टक्के.

---

गणिताचा तास
दुपारी १२.०५

थांबा थांबा. एक पट्टी म्हणते महिन्याभरात ७२ टक्के जाणार, म्हणजे राहणार २८. दुसरी पट्टी त्याच माणसाबद्दल म्हणते तीन महिन्यांनी ६० टक्क्यांपर्यंत आपल्या पायावर. मेलेले उठून चालणार आहेत का?

---

रातपाळी
दुपारी १२.३०

:) तेच तर. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या वेगवेगळ्या लोकांवर बनल्यात. आणि इथेही काठ आहेच, जीसीएस ९ च्या जागी ८ असता तर फंक आठावरून थेट सहावर.

---

खडूस काका
दुपारी १.००

मग दोन्ही पट्ट्या चुलीत घाला. मुलाने करायचं काय ते सांगा.

---

फिजिओताई
दुपारी १.४५

मी सांगते, मी रोज हेच पेशंट उठवून बसवते.

आकड्यापेक्षा पहिल्या दोनचार दिवसांत काय होतं ते बघ दादा. पहिल्या चोवीस तासांत गाठ वाढली का हे महत्त्वाचं, दुसरा सीटी होईल त्यात कळेल. वाढली नसेल तर ती मोठी गोष्ट आहे. बीपी किती ठेवलंय ते विचार, साधारण वरचा आकडा १४० च्या आसपास आणतात. साखर, ताप, रक्त पातळ करायची गोळी चालू होती का, या साध्या गोष्टी. २०२३ मध्ये लॅन्सेटला इंटरॅक्ट-थ्री म्हणून मोठी ट्रायल आली, दहा देशांतले ७ हजारावर पेशंट, आपला भारत पण होता, त्यात काही नवीन औषध नव्हतं, फक्त बीपी लवकर उतरवा, साखर-ताप सांभाळा आणि रक्त पातळ असेल तर ते दुरुस्त करा, हे सगळं एकत्र आणि वेळेत. तेवढ्यानं फरक पडला. हे छोट्या हॉस्पिटलातही होतं.

आणि पोकळीत रक्त आहे म्हणजे पाणी तुंबू शकतं. झोप वाढली, हाक मारल्यावर आधी डोळे उघडायचे ते उघडेनासे झाले, तर थांबू नकोस, लगेच सांग. कधीकधी डोक्यातून नळी टाकून पाणी बाहेर काढतात.

गिळायची टेस्ट झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. काकू प्रेमाने चमच्याने पाणी देतात आणि ते फुप्फुसात जातं, मी दर महिन्याला बघते.

---

पिंपळपार
मंगळवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार कसे मानू. दुपारी मोठ्या डॉक्टरांना मी तीनच गोष्टी विचारल्या. दुसरा सीटी कधी, बीपी किती ठेवलंय, आणि आपण उपचार मर्यादित करायचा निर्णय दोनतीन दिवस पुढे ढकलू शकतो का. ते जरा चमकले, मग खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले. म्हणाले ढकलू, आणि तो कागद कुणी दिला विचारलं, मी नाव नाही सांगितलं, पोराची काय चूक.

दुसरा सीटी झाला, गाठ तेवढीच आहे पण पाणी तुंबायला लागलंय. संध्याकाळी नळी टाकली डोक्यात. चुलत्यांना काकांची आणि आबोलीताईंची, दोन्ही पोस्ट वाचून दाखवल्या. ते गप्प बसले आणि मग म्हणाले शुक्रवारपर्यंत बघू. मामा अजून सगळ्यांना ७२ टक्के वाचणारच सांगतोय, सांगू दे.

---

आबोली रत्नांग्री
रात्री १०.२०

बरं केलंस.

---

पिंपळपार
शनिवार, सायंकाळी ६.१५

शुक्रवार गेला. ७२ तास केव्हाच संपले. काल सगळे बसलो, डॉक्टर, आई, ताई, चुलते. डॉक्टर म्हणाले पुन्हा झालंच काही मोठं, तर व्हेंटिलेटरचं काय करायचं ते आज ठरवून ठेवा, रात्री घाईत नको. आई म्हणाली नळ्यांवर वर्षभर ठेवायचं नाही, पण आत्ता जे चाललंय ते चालू राहू द्या. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. खडूस काका, हा प्रश्न तुमच्यामुळे निघाला.

जीसीएस ११ म्हणतात आता, पण तुम्ही सांगितल्यापासून मी त्या आकड्याकडे बघतच नाही फारसा.

---

पिंपळपार
पुढचा शुक्रवार, दुपारी ३.३०

अपडेट राहिलं. डोक्यातली नळी बुधवारी काढली. उजवी बाजू अजून काही नाही, बोलणं पण नाही, नाकातून रायल्स ट्यूब (जेवणाची नळी) आहे. डाव्या हाताला पट्टी बांधून कॉटला अडकवलाय कारण दोनदा ट्यूब उपटली. सिस्टर म्हणाल्या फार त्रास देतात हो तुमचे वडील. मी म्हटलं घरीपण देतात.

आज न्हावी बोलावून दाढी केली. उजवीकडची झाली की तोंड आपणहून डावीकडे फिरवलं त्यांनी, सवयीनं असेल. न्हावी म्हणाला पेशंटला कळतंय की सगळं. मी काही बोललो नाही.

सोमवारी वॉर्डात हलवतील आणि पुढच्या आठवड्यात बहुतेक घरी. फिजिओताई, ती हवेची गादी लागेल म्हणाले, बार्शीत भाड्याने मिळते का, की सोलापूरहूनच घेऊन जाऊ?

---

फिजिओताई
दुपारी ४.१०

सोलापूरहूनच घेऊन जा, चालू करून दाखवायला सांग, पंपाचा आवाज येत असेल तर बदलून घे. आणि गादी आहे म्हणून कूस बदलायची राहू देऊ नका, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आईंना एकटीने उचलू देऊ नकोस, चादर खाली घालून दोघांनी ओढायचं. व्हिडिओ कॉलवर दाखवते, रविवारी चारनंतर कधीही मेसेज कर.